प्रकल्प नोंदी : ड्रेस्डेन इंग्लिश फुटबॉल क्लब, १८७४–१८९८

१८ जानेवारी

काम नेमकं काय आहे ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे दादाशी फोनवर रोज तोच वाद नको. जर्मनीतला पहिला फुटबॉल क्लब म्हणून ज्याचं नाव घेतात त्या ड्रेस्डेन इंग्लिश फुटबॉल क्लबचा मराठीतून हलता नकाशा करायचा. खाली आजचं शहर, त्यावर पारदर्शक करून बसवलेलं एकोणिसाव्या शतकातलं शहर, आणि शेजारी कालपट्टी. पट्टीवर बोट ठेवलं की नकाशावर ठिकाण उजळलं पाहिजे. मी ड्रेस्डेनमध्ये नोकरीला, दादा कोल्हापुरात. नकाशा आणि मजकूर माझ्याकडे, चित्रं आणि रंग त्याच्याकडे.

क्लब फार जगला नाही. १८७४ ला या शहरात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या इंग्रजांनी तो काढला, १८९८ ला तो मिटला. सत्तरहून जास्त सभासद. खेळायची जागा ग्रोसर गार्टन या मोठ्या राजबागेच्या कडेची कुरणं. आज तिथेच, किंवा अगदी लगत, डायनॅमो ड्रेस्डेनचं मैदान आहे.

दादाचा पहिला प्रश्न : "चोवीस वर्षांत संपलेल्या गोऱ्यांच्या क्लबाचं आपल्याला काय?" त्याला म्हटलं, नकाशा होऊ दे, मग बघू.

१९ जानेवारी

सॅक्सनीच्या राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शहराचे जुने नकाशे उत्तम स्कॅन करून ठेवले आहेत. त्यातला १८७०च्या दशकाच्या आसपासचा एक उतरवून घेतला. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पहिली अडचण समोर आली : हा नकाशा आजच्या जमिनीवर बसवायला दोन्हीकडे सापडतील अशा खुणा हव्यात, आणि या शहराचं मधलं अंग फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बफेकीत गेलं. रस्त्यांचे कोपरे भरवशाचे नाहीत. प्रागर श्ट्रासे नावाची तेव्हाची गजबजलेली बाजारपेठ आज काँक्रीटच्या इमारतींमधला पादचारी रस्ता आहे. नाव तेच, बाकी सगळं नवं.

२३ जानेवारी

राजबागेने वाचवलं. ग्रोसर गार्टन १६७६ पासूनची. मधोमध महाल, त्यातून आरपार जाणारा मोठा रस्ता आणि त्याला काटकोनात छेदणारा दुसरा. साडेतीनशे वर्षांत हे दोन रस्ते हललेले नाहीत. महाल जळाला होता, पण जागेवरच पुन्हा उभा राहिला. बागेतूनच चार खुणा मिळाल्या.

बागेबाहेरची सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेचं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, निळे घुमट असलेलं. १८७२ ते १८७४ या काळात बांधलं, म्हणजे ते आणि क्लब एकाच वर्षाचे, आणि ते युद्धातूनही वाचलं. नदीच्या बाजूला सेम्परच्या ऑपेराची जागा घेतली. १८७४ मध्ये ते नाट्यगृह बांधकामाच्या परांचीआडच होतं : जुनं १८६९ ला जळलेलं, नवं १८७८ ला पुरं झालं. दादाला सांगितलंय की १८७४ च्या चित्रात ऑपेराला बांबू दाखव. तो म्हणाला इथे बांबू नसतील, लाकडी फळ्या असतील. बरोबर आहे.

थिन प्लेट स्प्लाइनने, म्हणजे खुणा धरून रबरासारखं ताणण्याच्या पद्धतीने, नकाशा ताणला. बागेजवळ छान बसतो, नदीपलीकडे वाकडा जातो. आपल्याला नदीपलीकडे काही दाखवायचं नाही. तसाच ठेवला.

२६ जानेवारी

मैदानाच्या नावाची अडचण. अनेक ठिकाणी "ब्ल्यूअरवीझ", म्हणजे ब्ल्यूअर यांचं कुरण, असं लिहिलेलं असतं. पण बर्नहार्ड ब्ल्यूअर ड्रेस्डेनचे महापौर होते १९१५ ते १९३१. क्लब मिटून तेव्हा सतरा वर्षं झाली होती. म्हणजे इंग्रज खेळायचे त्या काळात त्या गवताला हे नाव असणं शक्यच नाही. नंतरच्या कुणीतरी आपल्या काळचं नाव मागे नेऊन चिकटवलं आणि सगळे तेच उतरवत गेले. नकाशावर "बागेच्या वायव्येचं कुरण" एवढंच लिहितो, आणि ब्ल्यूअरचं नाव १९१५ नंतरच्या थरात.

त्याच जागेवर थरांची रांग लावली : १९२३ ला इल्गन यांच्या देणगीतून बांधलेलं क्रीडांगण, शेजारी १९३० ची आरोग्य संग्रहालयाची इमारत, १९५१ ला मैदानाला मिळालेलं रुडॉल्फ हार्बिगचं नाव. हार्बिग ड्रेस्डेनचाच धावपटू. १९३९ ला मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला आणि १९४४ ला पूर्व आघाडीवर मारला गेला. आज मॅचच्या दिवशी पिवळ्या-काळ्या मफलरांची गर्दी त्याच रस्त्याने जाते.

१ फेब्रुवारी

इंग्रज इथे का होते, यावर एक कोपरा हवा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आकाशातून पडले. तेव्हाचं ड्रेस्डेन म्हणजे सॅक्सनीच्या राजाची राजधानी, १८७३ ला राजा आल्बर्ट गादीवर आलेला. चित्रसंग्रह, संगीत, मुलामुलींना जर्मन शिकवण्याची सोय. म्हणून इंग्रज कुटुंबं वर्षानुवर्षं येऊन राहायची, आणि त्यांच्या मागोमाग धंद्या-नोकरीचे लोक. वीनर श्ट्रासेवर त्यांचं स्वतःचं ऑल सेंट्स चर्च १८६९ ला उभं राहिलं. चर्च, बाग आणि कुरण हे सगळं पायी सहज जाण्याइतकं जवळ. नकाशावर या तीन खुणा जोडल्या की एक छोटंसं इंग्रजी गावच दिसतं, जर्मन शहराच्या पोटातलं.

आपल्याकडच्या कॅन्टोन्मेंट आणि जिमखान्यांशी तुलना करायचा मोह होतो, पण ती चुकेल. इथे ते राज्यकर्ते नव्हते, भाडेकरू होते. मैदानाची परवानगीही त्यांना शहराकडून घ्यावी लागत असणार, शहराला त्यांच्याकडून नव्हे.

६ फेब्रुवारी

"पहिला" या बिरुदाचं काय करायचं? पानाच्या माथ्यावर दादाने ठळक अक्षरांत "युरोपातला पहिला फुटबॉल क्लब (ब्रिटन सोडून)" लिहून पाठवलंय. ते उडवलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान फुटबॉल अँड क्रिकेट क्लबची स्थापना १८६० ची सांगतात, फ्रान्समधल्या ल हाव्रचा क्लब १८७२ चा. आणि युरोपच्या बाहेर गेलो तर कोलकाता! १८७२ च्या नाताळात तिथल्या इंग्रजांनी सामना खेळला आणि १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. म्हणजे ड्रेस्डेनच्या आधी बंगालमध्ये. पाच वर्षांत तोही बसला. बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून, त्याचा पेला घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी रग्बी खेळतात. नागांचे कान आणि झाकणावर हत्ती.

आता कुणी म्हणेल की कलकत्ता आणि ल हाव्र हे रग्बीवाले, ते धरू नका. पण १८७० च्या दशकात "फुटबॉल" म्हटलं की दोन्ही आलं. असोसिएशनचे, म्हणजे आजच्या फुटबॉलचे, नियम १८६३ चे, रग्बीची वेगळी संघटना १८७१ ची, आणि इंग्लंडबाहेर ही भिंत अजून पुरती उभी राहिलेली नव्हती. मग माथ्यावर "जर्मनीतला पहिला मानला जाणारा" एवढंच. दादाला हे मिळमिळीत वाटतंय. वाटू दे.

९ फेब्रुवारी

१८७४ मध्येच जर्मनीत आणखी एक गोष्ट घडते आणि तिला वेगळा थर हवा. ब्राउनश्वाइगच्या मार्टिनो-काथारिनेउम शाळेत कॉनराड कोख नावाचे शिक्षक आणि त्यांचे सहकारी आउगुस्ट हेरमान यांनी पोरांना बॉल दिला. चेंडू इंग्लंडहून आलेला, खेळ हातात धरून पळायचा, रग्बीच्या अंगाचा. १८७५ ला कोख यांनी नियम छापून काढले.

जर्मनीत फुटबॉल कुणी आणला हा वाद या दोन टोकांत चालतो आणि मला तो थोडा पोकळ वाटतो. ड्रेस्डेनमध्ये मोठी माणसं आपल्या घरचा खेळ आपल्यासाठी खेळत होती. ब्राउनश्वाइगमध्ये जर्मन मास्तर जर्मन पोरांना तो शिकवत होता. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. खेळ पसरला तो ब्राउनश्वाइगच्या प्रकाराने, हे खरं. पण मग ड्रेस्डेनच्या क्लबाचं महत्त्व कशात, हे नकाशाने दाखवलं पाहिजे. अजून ते दिसत नाही.

(कोख म्हटल्यावर दादाला क्षयाचे जंतू शोधणारे कोख आठवले. ते रॉबर्ट, हे कॉनराड. गंमत म्हणजे रॉबर्ट कोख यांचे शिष्य, जंतुशास्त्रज्ञ फेर्डिनांड हुप्पे, हे १९०० मध्ये स्थापन झालेल्या जर्मन फुटबॉल संघटनेचे पहिले अध्यक्ष. प्रागच्या जर्मन क्लबाकडून आलेले. दोन्ही कोखांचे धागे शेवटी एकाच मैदानात येतात!)

१३ फेब्रुवारी

आज संध्याकाळी काम लवकर थांबवलं. शहरात १९४५च्या बॉम्बफेकीच्या स्मरणार्थ मानवी साखळी होती आणि रात्री पावणेदहाला सगळ्या चर्चच्या घंटा, दरवर्षीप्रमाणे. त्याआधी ऑल सेंट्स चर्चची खूण नकाशावर पुरी केली : १८६९ ते १९४५, नंतर पोकळ वर्तुळ.

१६ फेब्रुवारी

या क्लबाबद्दल एक आकडा हमखास सांगितला जातो. १० मार्च १८९४ ला बर्लिनच्या संघाकडून ०–२ ने हरेपर्यंत हा क्लब एकदाही हरला नव्हता, आणि तोवरच्या गोलांचा हिशेब होता ३४–०. वीस वर्षं अजिंक्य! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच वाघासारखा संघ उभा राहतो.

आज पट्टीवर हा आकडा बसवताना तो मला वेगळा दिसायला लागला. चौतीस गोल, वीस वर्षांत. वर्षाला सरासरी दोन गोलही पडत नाहीत. एवढ्या जोरकस संघाचे एवढेच गोल कसे? कारण समोर कुणी नव्हतं. बर्लिनचा बीएफसी जेर्मानिया, जो आज टिकून असलेला सगळ्यात जुना जर्मन फुटबॉल क्लब, तो १८८८ चा. व्हिक्टोरिया ८९ नावाप्रमाणे १८८९ चा. १८७४ पासून पहिली दहा-बारा वर्षं ड्रेस्डेनच्या इंग्रजांनी खेळायचं कुणाशी? आपापसांत. सत्तर सभासद म्हणजे सहा संघ होऊन वर चार-पाच माणसं राखीव. म्हणजे ३४–० हा पराक्रमाचा आकडा कमी आणि एकटेपणाचा जास्त.

इथे नकाशाचं सूत्र सापडलं. वर्ष पुढे सरकेल तसे ड्रेस्डेनच्या ठिपक्याभोवती दुसरे ठिपके उगवताना दाखवायचे. १८७४ ला एक. मग बराच काळ काही नाही. वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल, तो कंटाळाच त्या क्लबाचा इतिहास आहे. १८८५ नंतर बर्लिनच्या बाजूला हालचाल, टेम्पलहोफच्या कवायतीच्या मैदानावर पोरांची गर्दी, नव्वदीत ठिपकेच ठिपके. आणि समोर प्रतिस्पर्धी आल्यावर चार-पाच वर्षांत पहिला पराभव.

दादाला हे पटलं. म्हणाला, "तालमीत एकटाच शड्डू ठोकणारा पैलवान कधी पडत नाही."

१७ फेब्रुवारी

ठिपक्यांमध्ये रेषा काढाव्यात का? म्हणजे कोण कुणाशी खेळायला गेलं. काढायच्या, पण जाड नको. तेव्हाचा प्रवासखर्च ही किरकोळ बाब नव्हती. त्याच १८९४ मधलं उदाहरण : बर्लिनचा व्हिक्टोरिया आणि हानाउचा क्लब यांच्यात जर्मन विजेतेपदाचा सामना ठरला होता. हानाउवाल्यांना बर्लिनपर्यंतचं तिकीट परवडलं नाही आणि व्हिक्टोरियाला न खेळताच विजेता म्हटलं गेलं. तो राहिलेला सामना शेवटी २००७ मध्ये खेळवला, दोन्ही क्लब जिवंत असल्यामुळे! व्हिक्टोरियाच जिंकला. ड्रेस्डेन ते बर्लिन रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणून तिथे निदान येणं-जाणं जमलं.

२२ फेब्रुवारी

नियमांची पट्टी आज एका बैठकीत झाली. या चोवीस वर्षांत खेळच बदलत होता : १८७५ ला गोलच्या वर दोरी किंवा फीत याऐवजी आडवा दांडा चालेल असं ठरलं, १८८२ ला तो सक्तीचा झाला, १८९१ ला पेनल्टी आली आणि त्याच सुमारास गोलला जाळी. म्हणून दादाने पहिल्या चित्रात काढलेली जाळी पुसायला लावली. १८९१ ला आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, तेवढी एक खूण खालच्या पट्टीत टाकली. तिथेही बराच काळ पलटणीच जिंकत राहिल्या. पहिला भारतीय विजेता बंगलोर मुस्लिम्स, १९३७.

२८ फेब्रुवारी

व्यायामशाळावाल्यांचा कोपरा. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत शरीर कमवायचं म्हणजे "टुर्नन" : दुहेरी दांडी, आडवी दांडी, रिंगा, रांगेत उभं राहून हुकमावर व्यायाम. त्याला राष्ट्रभक्तीची जोड. चेंडूमागे धावणं त्यांच्या लेखी परकं, अशिस्त आणि स्पर्धेने बिघडलेलं. १८९८ ला, म्हणजे क्लब मिटला त्याच वर्षी, श्टुटगार्टचे शिक्षक कार्ल प्लांक यांनी फुटबॉलविरुद्ध एक पुस्तिका छापली. खेळाला त्यांनी "इंग्रजी रोग" म्हटलं. मुडदूस या आजारालाही जर्मनमध्ये तेच नाव असल्यामुळे टोला दुहेरी होता. लाथ मारताना माणूस माकडासारखा दिसतो, अशीही त्यांची तक्रार.

कोल्हापूरच्या माणसाला हे गंमतीचं वाटतं. आमच्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांनीच फुटबॉल डोक्यावर घेतला. कुस्तीच्या हौद्यालाच फुटबॉलचं वेड लागलं आणि शाहू स्टेडियम भरायला लागलं. जर्मनीत आखाडेवाले आणि चेंडूवाले कित्येक वर्षं एकमेकांकडे पाठ करून बसले. ही तुलना नकाशात नाही घालणार, ती इथेच राहू दे.

प्लांक यांची पुस्तिका छापून आली तोवर त्यांची लढाई जवळजवळ हरलेलीच होती. दोन वर्षांत, २८ जानेवारी १९०० ला, लाइपझिगच्या मारीएनगार्टन या खानावळीत ८६ क्लबांचे प्रतिनिधी जमून राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

५ मार्च

शेवट कसा दाखवायचा यावर आठवडाभर घोळ. "१८९८ : क्लब विसर्जित" एवढं लिहून ठिपका विझवणं सोपं होतं. पण ३० एप्रिल १८९८ ला ड्रेस्डेनर स्पोर्ट क्लब (एससी) स्थापन झाला, आणि तो काढणाऱ्यांत इंग्लिश क्लबातून आलेले सभासद होते. त्याच महिन्यात शहराचं नवं मोठं रेल्वे स्टेशनही उघडलं. म्हणजे शहर वाढलं होतं, बर्लिनहून संघ येत होते, जर्मन पोरं खेळायला लागली होती. परक्या शहरात आपापसांत खेळायला काढलेल्या क्लबाची गरज उरली नव्हती. भांडून फुटला किंवा पैसे संपले, अशी कहाणी मला यात दिसत नाही. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रतिस्पर्धी मिळाला आणि क्लब त्यातच मिसळून गेला. या क्लबाचं महत्त्व कशात, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच : पहिला असण्यात नाही, अशा रीतीने संपण्यात आहे.

नव्या क्लबाचं पुढचं आयुष्य वेगळ्या नकाशाचा विषय, पण थोडं द्यावंच लागेल. १९४० आणि १९४१ ला जर्मन चषक, १९४३ आणि १९४४ ला राष्ट्रीय विजेतेपद, तेही युद्धाच्या ऐन धामधुमीत. हेल्मुट श्योन याच संघाचा. तो पुढे पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक झाला आणि १९७४ ला विश्वविजेता, म्हणजे ड्रेस्डेनच्या कुरणावरच्या त्या क्लबाला बरोब्बर शंभर वर्षं झाली तेव्हा. त्याच स्पर्धेत हॅम्बुर्गला पूर्व जर्मनीने श्योनच्या संघाला १–० हरवलं. ड्रेस्डेनच्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

८ मार्च

दादाने विचारलं, इंग्रज पुढे ड्रेस्डेनमध्ये परत दिसतात की नाही? दिसतात, पण आता मास्तर म्हणून, पगारावर. टॉटनहॅमला १९०१ चा इंग्लंडचा एफए कप जिंकून देणारा जॉन कॅमेरॉन (हा मुळात स्कॉटिश, पण जर्मनांच्या दृष्टीने सगळे इंग्रजच) पहिल्या महायुद्धाच्या आधी ड्रेस्डेनर एससीचा प्रशिक्षक होता. १९१४ ला युद्ध पेटलं आणि तो शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. बर्लिनजवळ रूलेबेनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ब्रिटिशांसाठी छावणी केली होती, तिथे त्याला डांबलं. इंग्लंडचा फुटबॉलपटू स्टीव्ह ब्लूमरही तिथेच. तबेल्यांत राहणाऱ्या त्या कैद्यांनी आपली फुटबॉल संघटना काढली, लीग खेळवली.

युद्धानंतर, विशीच्या दशकाच्या अखेरीस, इंग्रज प्रशिक्षक जिमी होगन ड्रेस्डेनला शिकवायला आला आणि कोवळा श्योन त्याच्या हाताखाली तयार झाला. पट्टीवर या दोघांसाठी जागा केली, "परत आलेले" या नावाने.

११ मार्च

चाचणी. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी ठिपके उगवणं बघत बसला. १८७४ ते १८८५ च्या रिकाम्या पट्टीवर त्याने माऊस दोनदा फिरवला, बंद पडलंय का ते पाहायला. तिथे वेग थोडा वाढवतो, पण रिकामं ते रिकामंच राहील.

मोबाइलवर जुना नकाशा जड जातो. तुकडे करून चढवले, आता बरं चालतं. राजबागेचे रस्ते खालच्या आजच्या नकाशाशी तंतोतंत जुळतात, वीनर श्ट्रासेला थोडी तफावत आहे, चालून जाईल.

१४ मार्च

शेवटचं ठरलं ते रंगांचं. इंग्लिश क्लबाची पट्टी १८९८ ला तोडायची नाही. ती ३० एप्रिलला लाल-काळ्या रंगात शिरते आणि ड्रेस्डेनर एससीच्या नावाने पुढे जाते. दादा म्हणाला, मग १८७४ ते १८९८ ला कुठला रंग? कुठलाच नको, नुसती पेन्सिलची रेघ. तो नवी फाइल आज रात्री पाठवतोय. आली की उद्या सकाळी चढवतो आणि त्यानंतर लाइपझिगने जिंकलेल्या १९०३ च्या अंतिम सामन्याच्या नकाशाला हात घालतो. त्यात कार्ल्सरूऽवाल्यांना आलेली खोटी तार आहे, दादाला ती आत्ताच आवडलीये.